लेव्हल ३ कडे केव्हा वळावे?

अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली या संस्था मोठ्या मॉडेल रॉकेटांसाठी प्रमाणपत्रे देतात. मोटरच्या वाढत्या ताकदीनुसार तिला इंग्रजी अक्षर दिलेले असते: लेव्हल १ वर एच व आय, लेव्हल २ वर जे ते एल, तर लेव्हल ३ वर एम आणि त्यापुढील मोटर उडवता येतात. लेव्हल २ ची लेखी परीक्षा अभ्यासाने सुटते, तिची धास्ती नको. खरी कसोटी रॉकेट धडपणे खाली आणण्याची असते. लेव्हल ३ ला पॅराशूट उघडण्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागतात. म्हणून शिखरबिंदूवर लहान आणि जमिनीपासून काहीशे फुटांवर मोठे पॅराशूट अल्टिमीटरच्या (उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या) साह्याने उघडण्यात लेव्हल २ वरच हातखंडा मिळेपर्यंत पुढची घाई करू नये. पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या काळ्या दारूचे प्रमाण जमिनीवरच चाचणी घेऊन ठरवावे. शिअर पिना (नाकाचा शंकू धरून ठेवणाऱ्या, दारूच्या दाबाने तुटणाऱ्या बारीक पिना) तुटूनही नाकाचा शंकू जेमतेम सरकला, तर प्रमाण कमी आहे असे समजावे. शेजाऱ्याने वायरिंग तपासून दिल्यावरच उड्डाण जमत असेल, तर माझ्या मते आणखी एक हंगाम थांबणेच बरे. तयारी झाल्यावर मात्र आराखडा परीक्षकांना दाखवूनच बांधणीला हात घालावा.