लंकेचा डोंगर किती उंच करायचा?

“आजी, श्रीलंकेतही आपल्यासारखा जूनमध्येच पाऊस लागतो ना?” नातीने विचारलं. नकाशा पुढ्यात असून मला धड समजावता येईना. शेवटी इंदूरला रामबागेतल्या आमच्या गच्चीवर बेटच केलं. सुट्टीत तुम्हीही करा.

जुनी वर्तमानपत्रं फाडून रात्रभर भिजत घाला, सकाळी पिळून मिक्सरमधून काढा. मूठभर मेथ्याही भिजवून वाटा. आईच्या लगद्याच्या टोपल्यांना त्यामुळेच कधी कीड लागली नाही. वर थोडं फेविकॉल.

१ सें.मी. म्हणजे १० कि.मी. धरा. बेट ४३ सें.मी. लांब, रुंद फार तर २२. आकार कैरीचा, देठ उत्तरेला जाफन्याकडे. आता गंमत बघा. सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर, म्हणजे या मापाने जेमतेम अडीच मिलिमीटर! म्हणून उंची तेवढी २० पट घ्या, ५ सें.मी., आणि कडेला तसं लिहूनही ठेवा. शिखर मधोमध बसवायचा मोह होतो. मी बसवलं आणि पुन्हा उकरलं. ते दक्षिण टोकापासून १२ सें.मी.वर हवं, उत्तर भाग जवळपास सपाट.

वाळवायचं सावलीत. मी मेच्या उन्हात ठेवलं, तर कडा पापडासारख्या वळल्या. मग हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात. महावेली नदी ३३५ कि.मी., तेव्हा साडेतेहतीस सें.मी. निळी लोकर, डोंगरातून वळणं घेत त्रिंकोमालीजवळ समुद्रापर्यंत चिकटवा.

आता डोंगरावर कोरडी रांगोळी भुरभुरा. इस्त्रीची फवाऱ्याची बाटली अगदी खाली धरून नैऋत्येकडून आडवी मारा. रत्नपुराची बाजू ओलीगच्च, पलीकडे बदुल्ल्याकडची रांगोळी पांढरीफटक. हे मे ते सप्टेंबरचं चित्र. मात्र खरे ढग डोंगराला आपटून सांडत नाहीत, हे इथेच सांगून टाका. दमट हवा चढताना थंड होते, म्हणून अलीकडे पाऊस. पलीकडे उतरताना तापते, कोरडी पडते.

पुसून नवी रांगोळी घाला आणि फवारा ईशान्येकडून मारा. बेटाखालचा पाट फिरवू नका, स्वतः फिरा, नाहीतर पोरांच्या दिशा चुकतात. हा वारा बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतो, डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे आपण इंदूरच्या सराफ्यात थंडीत गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात असतो, तेव्हा बदुल्ल्यात छत्र्या उघडलेल्या असतात.