काचेवरची फिल्म किती वर्षं टिकते?

नागपुरात अठरा वर्षं झाली, मी गाड्यांच्या काचांना फिल्म लावतोय. "किती वर्षं टिकेल?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, गाडी उभी कुठे असते?

नुसता रंग भरलेली स्वस्त फिल्म आमच्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत जांभळी पडते. अतिनील किरणांनी तिचा रंग विरतो. सिरॅमिक फिल्म उष्णता अडवते ती रंगाच्या जोरावर नाही, म्हणून नीट लावली तर दहा वर्षंही जाते. पण सगळ्या काचा एकदम जात नाहीत. माझ्या गाडीची डावी बाजू रोज दुपारभर पश्चिमेला तोंड करून असते, तिकडची फिल्म उजवीच्या वर्षभर आधी गेली. मागची काच तिरपी, तिच्यावर तर ऊन थेट पडतं. झाडाची सावली किंवा साधं कव्हरसुद्धा फिल्मचं आयुष्य वाढवतं.

लावल्यानंतरचा आठवडा फार जपायचा. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात, ते पाणी सुकेपर्यंत गोंद पकडत नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात निदान आठवडाभर काच खाली करू नका. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी टोलनाक्यावर काच खाली केली आणि वरची कड गुंडाळली गेली. पहिल्या दिवसांत फुगे दिसले तर घाबरू नका. बोटाने हलकं दाबून बघा. पाण्याचा फुगा मऊ लागतो आणि आपोआप सुकतो. टोचल्यासारखं लागलं तर आत धुळीचा कण आहे, तो जाणार नाही. लगेच दुकानात दाखवा.

पुसायला वर्तमानपत्र नको, अमोनियाचा स्प्रे तर नकोच. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब आणि मऊ मायक्रोफायबर फडकं, एवढं पुरे. दाराच्या रबरातली रेती महिन्यातून एकदा ब्रशने काढा. काच वर-खाली होताना फिल्मवर उभे चरे पडतात ते त्या रेतीनेच.

कायद्याचंही सांगतो. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा. काच स्वतःही उजेड अडवते. ८० टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली की उरतात ५६. पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

जुनी फिल्म काढताना मागच्या काचेला ब्लेड लावू देऊ नका. आतल्या बारीक तारा, डिफॉगरच्या (काचेवरचं दव घालवणाऱ्या), कापल्या जातात. सुरुवातीच्या वर्षी माझ्या हातून तीन तारा कापल्या गेल्या, अख्खी काच भरून द्यावी लागली. आता मी वाफ देतो, कोपरा सुटला की तारांच्या दिशेने आडवा, सावकाश ओढतो. एका काचेला तास लागतो. लागू द्या.