४५ दिवसांचं पिल्लू घेताय? आधी ५६ मोजा

"लॅब, फिमेल, ४५ दिवस, प्राइस इनबॉक्स." लॅब्राडोर कुत्र्याच्या पिल्लाची अशी जाहिरात तुम्ही पण बघितलीच असणार. गंमत अशी की विकणारा त्यातच नियम मोडल्याचं कबूल करतो, कारण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये केंद्राचे डॉग ब्रीडिंगचे नियम आलेत आणि त्यात सरळ लिहिलंय, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, मग हे ४५ आले कुठून!

तर पहिलं काम, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर डिलीट होते. मग फोनवर राज्य प्राणी कल्याण मंडळाचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा. रजिस्ट्रेशनशिवाय ब्रीडिंग करताच येत नाही, त्यामुळे इथेच बरेच जण "मॅडम, घरचंच आहे" वर येतात. जाल तेव्हा पिल्लाच्या आईला बघायचंय म्हणा, पिल्लू रिक्षा स्टँडवर आणून देतो म्हणाला तर जाऊच नका.

आणि पिल्लाचं तोंड उघडून बघा. आमच्या वेळी मी हे केलं नाही. ४५ दिवसांचं सांगून दिलं, डॉक्टरांनी ओठ वर केला तर पुढचे दात तांदळाच्या कणीएवढे नुकते वर येत होते, जेमतेम महिन्याचं म्हणाले. वाटीतलं त्याला चाटता येत नव्हतं, रात्रभर माझ्या ओढणीचा कोपरा चोखत बसायचं. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात साधारण सगळे आलेले असतात आणि सुईसारखे टोचतात.

लसीचं कार्ड मागा, त्यावर तारीख, डॉक्टरचा शिक्का हवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देतात, मग "४५ दिवस, दोन इंजेक्शनं झाली" हे गणित तुम्हीच करून बघा. विकताना मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) पण लागते.

तक्रार करायची तर स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, विकणाऱ्याचा फोन नंबर असं सगळं जोडून लेखी द्या, पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या एसपीसीएकडे (प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था), कॉपी राज्य मंडळाला. मूळ कायद्यात क्रूरतेसाठी पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये, म्हणजे वडापावचे पैसे (हो, अजून तेवढाच), म्हणून अर्जात रजिस्ट्रेशनचा मुद्दा वर घ्या, ते रद्द होऊ शकतं.

बिचारं म्हणून विकत घेऊ नका हो, त्या पिंजऱ्यात दुसऱ्या दिवशी दुसरं येतं. आणि घेऊन बसलाच असाल तर गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.