आधी कच्चं, मग भाताचं, शेवटी भाजलेलं

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत रविवारचा ब्रंच साधारण साडेबाराला सुरू होतो आणि साडेतीन-चारपर्यंत चालतो. माणशी एक रक्कम भरायची आणि हवं तेवढं खायचं. लोक फसतात ते पहिल्या पंधरा मिनिटांत. पाव, पास्ता आणि क्रीम चीजचे जाडजूड रोल पोटात गेले की ज्यासाठी पैसे मोजले ती कालवं आणि शेवंड नुसती बघत बसावी लागतात.

टेबल राखतानाच फोनवर विचारून घ्या: सांगितलेल्या दरात कर धरलाय का? महागड्या हॉटेलांत जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, दारूवरचा व्हॅट वेगळा. सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. नको असेल तर काढायला सांगायचं, त्यात संकोच कसला? पण सगळ्यात कामाचा प्रश्न वेगळाच आहे: सुशी, म्हणजे आंबटसर भातासोबतचा बहुधा कच्चा मासा, ट्रेमध्ये मांडून ठेवतात की मागितल्यावर वळून देतात? वळून देत असतील तर काउंटरजवळचं टेबल मागा.

दार उघडताच पोहोचा. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असला की दाणा मऊ लागतो. गार हवेत किंवा बर्फावर तासभर राहिला की त्यातला स्टार्च आवळतो आणि दाणा खडबडीत होतो. नोरी, म्हणजे रोलभोवतीचं समुद्री शेवाळाचं पान, भाताचा ओलावा पिऊन काही मिनिटांतच चिवट होते. त्यामुळे अडीच वाजता ट्रेमधला रोल उचलण्यात अर्थ नाही. शंकूसारखा हँड रोल तर हातात पडताक्षणी खायचा, टेबलापर्यंतही नेऊ नका.

सुरुवात बर्फावरच्या मांडणीपासून करा. कालवाच्या शिंपल्यात स्वच्छ पाणी हवं आणि वास समुद्राचा यायला हवा. पाणी आटलेलं किंवा गढूळ असेल तर ते कालव सोडून द्या. लिंबू पिळल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे, लिंबू फक्त चवीपुरतं. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्च्या कालवांच्या वाटेला जाऊ नये. उकडून गार केलेली कोळंबी अर्धगोल वळलेली असेल तर ती नीट शिजली आहे. शेपूट डोक्याला टेकेल इतकी घट्ट वळली असेल तर जास्त शिजून रबर झाली आहे. शेवंडीला बटरपेक्षा लिंबू बरं, अजून बरंच खायचं आहे.

आता सुशी. एका निगिरीत, म्हणजे माशाचा काप ठेवलेल्या भाताच्या मुटक्यात, साधारण १५ ते २० ग्रॅम भात असतो, म्हणजे दहा निगिरी खाल्ल्या की वाटीभर भात झाला. सहा-सात पुरतात. पांढऱ्या, सौम्य माशापासून सुरू करा, मग टूना, मग तेलकट सॅमन, आणि गोडसर सॉस लावलेली उनागी, म्हणजे भाजलेला ईल मासा, शेवटी. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवायची, भाताची नाही. भात सॉस शोषतो, सुटतो आणि चव नुसती खारट होते. हाताने खाल्लं तर कोणी हसत नाही, जपानातही निगिरी हाताने खातात. एका घासात संपवा. आलं दोन माशांच्या मध्ये तोंड साफ करायला असतं, सुशीवर ठेवायला नाही. हिरवा, झणझणीत वासाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग यांचा असतो, तेव्हा त्याचा गोळा सॉसमध्ये कालवून माशाची चव मारू नका.

कल्ले लाल आहेत का हे बघून मासळी घेणाऱ्या आपल्या माणसाला ‘फ्रोझन’ शब्द खटकतो. कच्च्या माशाबाबत मात्र गणित उलटं आहे. उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवल्याने परजीवी मरतात, म्हणून सुशीचे बरेच मासे आधी गोठवलेलेच असतात. मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ दिसलं तर तो आपला रावस. सॅमनशी त्याचं नातं नाही, तो भाजलेलाच मागा. टूना खाताना जिभेला मिरमिर झाली तर घास टाकून द्या. मासा गारव्याबाहेर राहिला की अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

कच्चं नको असणाऱ्यांसाठी उकडलेली कोळंबी, उनागी आणि तामागो, म्हणजे अंड्याचं गोडसर ऑम्लेट, आहेत. क्रॅब स्टिकमध्ये चिंबोरी नसते, पांढऱ्या माशाचा लगदा असतो. शाकाहारी मंडळींना काकडी आणि अ‍ॅव्होकॅडोचे रोल चालतील, पण सुरी आणि पाट वेगळे ठेवा असं आधी सांगावं लागतं. आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप टाळाच, त्याच्या पाण्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.

भाजलेल्या माशाकडे दीड-दोन तासांनी वळा. सुरमई किंवा रावस समोर तव्यावर टाकून मागा, झाकणाखाली वाफेत पडलेला तुकडा कोरडा होतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या महिन्यांत स्थानिक मासळी ताजी आहे का, हे विचारायला हरकत नाही. गोडाच्या टेबलाकडे जाण्याआधी शेवटची ऑर्डर किती वाजता ते विचारा. सुशी काउंटर अनेकदा बाकीच्यांच्या आधी बंद होतो, आणि उरलेली सुशी डब्यात भरून मुंबईच्या उकाड्यात घरी नेण्यासारखी नसते.