मोसिन-नागांत 91/30: नंबर जुळले म्हणून रायफल अस्सल ठरत नाही

‘सगळे नंबर जुळतात’ (म्हणजे रायफलीच्या सगळ्या भागांवर एकच अनुक्रमांक आहे) एवढं एक वाक्य ऐकलं की लोक मोसिनसाठी, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या जुन्या मोसिन-नागांत 91/30 रायफलीसाठी, जास्तीचे पैसे काढून देतात. सोव्हिएत रायफलींच्या बाबतीत हे वाक्य जवळपास निरर्थक आहे. का, ते पुढे येईलच. हा लेख अमेरिका-कॅनडात राहून जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांसाठी आहे. भारतात या बोअरचा (नळीच्या व्यासाचा) परवाना सामान्य माणसाला मिळत नाही.

रायफल रिकामी आहे ना ते पाहा, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) बाहेर काढा, ग्रीस पुसा.

आधी कारखाना आणि साल. दोन्ही नळीच्या मागच्या टोकावर, वरच्या बाजूला असतात. ताऱ्याच्या आत बाण असेल तर रशियातल्या तुला शहरातला कारखाना, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क शहरातला. रिसीव्हरचा (नळी ज्यात बसते आणि बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) पुढचा भाग षटकोनी असेल तर घडण 1936 च्या आसपासची किंवा त्याआधीची. गोल असेल तर नंतरची. 1942-43 च्या रायफलींवर हत्यारांचे ओरखडे दिसतात. ती युद्धातली घाई आहे, दोष नाही. उलट त्या सालाची रायफल गुळगुळीत दिसली तर ती नंतर कुणीतरी घासलेली असू शकते.

आता नंबर. खरं काम इथे आहे, आणि मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. नंबर चार ठिकाणी असतो: नळीवर, बोल्टवर, मॅगझिनच्या खालच्या पत्र्यावर आणि दस्त्याच्या बुडाच्या पट्टीवर. संगीन सोबत असेल तर तिच्यावरही. महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली सुट्या केल्या, दुरुस्त केल्या, हाताला येतील ते भाग लावून पुन्हा जोडल्या आणि मग सगळ्या भागांवर नळीचाच नंबर घातला. म्हणजे नंबर जुळतात, पण भाग एकमेकांचे नसतात. म्हणून नंबर कोणता आहे यापेक्षा तो कसा उमटलाय ते बघायचं.

टॉर्च वरून मारू नका. जवळजवळ आडवा धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. मॅगझिनच्या पत्र्यावर जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा ठोकलेला दिसला तर प्रश्नच मिटला. काही वेळा जुना नंबर घासून काढलेला असतो. तेव्हा त्या जागी बोटाला क्वचितच जाणवेल असा उथळ खळगा पडतो, आडव्या उजेडात मात्र तो लगेच दिसतो. पातळ, थरथरत्या रेषेत लिहिल्यासारखा नंबर असेल तर तो विजेच्या लेखणीने घातलेला, म्हणजे कारखान्यातला नव्हेच. राहिला ठोकलेला नंबर. नळीवरचा 4 आणि 7 बघा, मग बोल्टवरचा 4 आणि 7. उंची वेगळी, टोकाचं वळण वेगळं, तर ठसे वेगळे. तीसच्या दशकाच्या अखेरीपासून आकड्यांआधी रशियन अक्षरं येतात, तीही अशीच ताडून पाहा. शिवाय बोल्टचे सुटे भाग उलटून बघा: नळीवर तारा आणि बोल्टच्या डोक्यावर त्रिकोण असेल तर बोल्ट शस्त्रागारात जोडलेला आहे, मग नंबर काहीही म्हणोत.

चौकोनात तिरपी रेघ असा शिक्का नळीवर किंवा दस्त्यावर सापडला तर रायफल दुरुस्तीतून गेली आहे. अशी रायफल वाईट नसते. बाजारात बहुतेक अशाच मिळतात. ‘अस्सल’ म्हणून तिचा भाव मात्र देऊ नका.

दस्त्यावरची जाड, लालसर, चकाकणारी आणि कडेला टवके उडालेली पॉलिश म्हणजे लाख, आपले सुतार चपड्याचं पॉलिश करतात तीच. शस्त्रागारात दुरुस्तीच्या वेळी ती सर्रास फासली गेली, आतल्या खाचेत तिचे ओघळही सापडतात. शंका असेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. लाख चिकट होते, आधुनिक पॉलियुरेथेन ढिम्म हलत नाही. पॉलियुरेथेन निघालं तर ते एखाद्या हौशी मालकाचं काम. आणि कृपा करून ‘लाकूड उजळवा’ हा सल्ला ऐकून दस्ता खरडू नका. लाकडावरचे शिक्के गेले की परत येत नाहीत.

लाकूड उतरवलं असेल तर रिसीव्हरच्या शेपटीखालचं साल वाचून घ्या. नळीवर 1932 आणि शेपटीखाली झारच्या काळातलं साल असेल तर दचकू नका, जुने रिसीव्हर कारखान्यांनीच पुन्हा वापरले होते.

स्नायपरचं वेगळं प्रकरण आहे. पीयू या सोव्हिएत दुर्बिणीची रायफल बनावट करणं सोपं आहे आणि फायद्याचंही, त्यामुळे बाजारात बनावट पुष्कळ. नळीवर दुर्बिणीचा नंबर ठोकलेला हवा. दुर्बीण बदललेली असेल तर जुना नंबर खोडून नवा घातलेला असू शकतो, त्यात खोट नाही. याउलट साध्या दिसणाऱ्या 91/30 च्या डाव्या बाजूला रिसीव्हरवर बुजवलेल्या भोकांच्या गोल कडा आणि नळीवर खोडलेला दुर्बिणीचा नंबर दिसला, तर ती शस्त्रागाराने पायदळाला परत दिलेली खरी स्नायपर आहे. विकणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं. सांगायची घाई करू नका.