हॅमॉकची टोकं: गाठीपेक्षा चुण्या बऱ्या

हॅमॉक (दोन्ही टोकांना टांगून झोपायची कापडी झोळी) घरीच शिवला. कापडाची टोकं मुठीत गोळा केली आणि सरळ गाठ मारली. पहिल्याच रात्री पोटऱ्यांखाली कापडाची ताठ कड रुतायला लागली आणि एक बाजू नुसतीच लोंबत राहिली. आधी दोष कापडाला दिला (चूक माझीच होती).

गाठ सोडली. आता पंख्याच्या घडीसारख्या दोन-दोन बोटांच्या सारख्या चुण्या घातल्या. दोन्ही काठ मधल्या कापडापेक्षा पाचेक सेंटिमीटर जास्त ओढून घेतले आणि मग दोरीचे घट्ट वेढे देऊन बांधलं. त्यामुळे मधे थोडी ढील मिळते, काठ लोंबत नाहीत. काठ किती ओढायचे, हे मात्र दोन-तीनदा झोपून पाहिल्यावरच जमलं. नेफा शिवून दोरी ओवली तरी चालतं, पण त्यात चुण्या सरकतात आणि पुन्हा सारख्या करत बसावं लागतं. मला वेढेच आवडले.

टांगताना दोर आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांवर ठेवला. ३.३ मीटर कापडाला टोकांमधलं अंतर २.७ मीटरच्या आसपास. फार ताणलं तर चुण्या कितीही नीट असोत, खांदे आवळतातच. आता तिरका झोपतो, पाठ जवळजवळ सपाट राहते.