परदेशी क्रूझला निघण्याआधी: कोणत्या लसी लागतात, हे कसं तपासावं

लातूरच्या माझ्या मावशी-काकांना अमेरिकेतल्या मुलाने क्रूझचं तिकीट काढून दिलं. जहाज फ्लोरिडातून निघून पनामाच्या बाजूला जाणार आणि वाटेत कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात एक दिवस थांबणार होतं. एजंटने सांगितलं, "लसबिस काही लागत नाही." अमेरिकेत शिरण्यापुरतं ते खरंच होतं. पण परतीचं विमान कार्ताहेनानंतर चौथ्याच दिवशी होतं. कोलंबियासारख्या, पीतज्वराचा (म्हणजे यलो फीवरचा) धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं, तर विमानतळावर त्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आमच्या हे ध्यानात आलं तेव्हा निघायला जेमतेम पाच आठवडे उरले होते.

म्हणून पहिलं काम हे करा, की जहाजाचा पूर्ण मार्ग मागवून घ्या. वहीच्या एका पानावर प्रत्येक बंदर, त्याचा देश आणि तारीख लिहा. जहाजातून खाली उतरायचं नसलं तरी ते बंदर सोडू नका. विमान कुठे बदलायचं आणि तिथे किती तास थांबायचं तेही लिहा, कारण काही देशांचे नियम या तासांवर ठरतात. सगळ्यात खाली भारतात परतण्याची तारीख लिहा. ही ओळच माणसं विसरतात.

हे पान समोर ठेवून तीन गोष्टी तपासा: त्या त्या देशाची अट काय आहे, परतताना भारत काय मागतो, आणि क्रूझ कंपनी स्वतः काय मागते. पहिलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची देशवार यादी आहे, सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं प्रवाशांसाठीचं पानही चांगलं आहे. दुसरीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची वेबसाइट बघा. कंपनीचं उत्तर मात्र ईमेलवरच घ्या, फोनवरच्या "चालतंय हो" वर विसंबू नका. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आधी पंधरा दिवस पुन्हा एकदा बघा.

भारत या एका आजाराबाबत एवढा कडक का, हे मराठवाड्यातल्या माणसाला लगेच पटावं. पीतज्वर एडिस डासामुळे पसरतो. डेंग्यू पसरवणारा हाच तो डास. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून आपण हौद, बॅरल, रांजण भरून ठेवतो, आणि आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगत फिरतात, ते याच्यासाठीच. डास आपल्याकडे आहे, पण पीतज्वराचा विषाणू आपल्या देशात नाही. तो एका प्रवाशाच्या रक्तातून इथवर येऊ नये, एवढ्यासाठी हे प्रमाणपत्र असतं. ते मागितलं तर चिडू नका. त्यात आपल्याच गल्लीची काळजी आहे.

यानंतर डॉक्टरकडे जा, शक्यतो दोन-तीन महिने आधी. बरोबर ते पान, जुनी लसीची कार्डं आणि रोजच्या गोळ्यांची यादी न्या. फ्लू, टायफॉइड, दर दहा वर्षांनी घ्यायची धनुर्वाताची लस आणि गोवर, एवढ्यांबद्दल नक्की विचारा. जहाजावर हजारो माणसं एकाच ठिकाणी जेवतात आणि बसतात, त्यामुळे फ्लू झपाट्याने पसरतो. फ्लू आणि टायफॉइडची लस निदान दोन आठवडे आधी घेतलेली बरी. कावीळ 'अ' आपल्याकडे पुष्कळांना लहानपणीच होऊन गेलेली असते, म्हणून तिची लस देण्याआधी डॉक्टर रक्त तपासायला सांगू शकतात. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसवर मात्र नेहमीच्या वापरातली लस नाही. तिथे साबणाने हात धुणंच कामाला येतं, सॅनिटायझर पुरत नाही.

पीतज्वराची लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रावरच टोचतात. मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य संस्थांकडे ती सोय आहे. बाकीच्या केंद्रांची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे. उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी वेळ घ्या, मगच मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. मूळ पासपोर्ट जवळ हवाच.

टोचून झाल्यावर प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक मिळतं. टेबलावरून उठायच्या आत ते वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर, जन्मतारीख, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. मी ही लस घेतली तेव्हा माझ्या आडनावात एक अक्षर राहिलं होतं, ते तिथेच दुरुस्त करून घेतलं म्हणून निभावलं. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका. 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

ही लस सगळ्यांना चालत नाही. साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो. नऊ महिन्यांखालची बाळं, गरोदर बाया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनी डॉक्टरला सांगितल्याशिवाय केंद्रावर जाऊच नये. वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळालं तरी परतताना विलगीकरण टळेलच असं नाही. मावशींना संधिवातासाठी तसलीच औषधं चालू होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. तिकीट बदलायची मुदत शिल्लक होती, म्हणून मुलाने बहामा आणि मेक्सिकोचा मार्ग घेतला आणि पैसे बुडाले नाहीत. दोघांनी फ्लूची लस लातुरातच घेतली.

आणखी एक. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात, त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, आणि त्याचा फोटो घरी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहू द्या.